बायपोलर समजून घेताना: कालनिर्णयावरच्या आकड्यांपासून रक्ताच्या तपासणीपर्यंत

घरात कुणाला बायपोलर, म्हणजे मन कधी फार चढतं आणि कधी फार उतरतं असा मानसिक आजार, आहे असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं असेल, किंवा अजून नुसता संशय असेल, तर आजच एक काम करा. भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि त्या माणसाला काल रात्री किती तास झोप लागली तो आकडा कालच्या चौकटीत लिहा. उद्या आजचा लिहा. निदान करताना, गोळीचा डोस ठरवताना, आजार परत डोकं वर काढतोय का हे ओळखताना याच आकड्यांचा आधार लागणार आहे. बायपोलर स्कॅनमध्ये दिसत नाही, रक्तातही दिसत नाही. चौकटीतल्या आकड्यांत मात्र बऱ्याचदा दिसतो.

समजा एका आठवड्याचे आकडे असे आले: 7, 7, 6, 5, 4, 3, 3. आता विचारायचं ते हे की सकाळी माणूस थकलेला होता की टवटवीत? काळजीने किंवा उदासीने ज्याची झोप उडते, तो सकाळी अंग ओढत उठतो. मेनियातला, म्हणजे चढलेल्या अवस्थेतला माणूस तीन तास झोपून पहाटे चारला गोठा झाडून, पाणी भरून, चार पाहुण्यांना फोन लावून मोकळा झालेला असतो आणि वर विचारतो, ‘तुम्ही अजून झोपलाय काय?’ झोप न लागणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं. म्हणून आकड्यापुढे एक खूण करा: थकलेला असेल तर ‘थ’, ताजा असेल तर ‘ता’. ‘3 ता’ असे लागोपाठ चार दिवस आले तर डॉक्टरांकडे जायला पुढची तारीख उजाडायची वाट बघू नका.

दोन टोकं

सकाळी चिडला, दुपारी हसला, रात्री रुसला, याला बायपोलर म्हणत नाहीत. इथे चढ-उतार दिवसादिवसांचे, आठवड्यांचे, कधी महिन्यांचे असतात. मेनिया म्हणजे चढलेली अवस्था. ती किमान 7 दिवस, जवळजवळ दिवसभर टिकते. त्याआधीच हॉस्पिटलात भरती करायची वेळ आली तर दिवस मोजत बसत नाहीत. हायपोमेनिया तशीच पण सौम्य, किमान 4 दिवसांची. काम अडत नाही, उलट माणूस जास्तच काम करतो. डिप्रेशन म्हणजे उतरलेली अवस्था, ती किमान 2 आठवडे टिकते. एकदा जरी पूर्ण मेनिया झाला असेल तर त्याला बायपोलर एक म्हणतात. हायपोमेनिया आणि मोठं डिप्रेशन झालं असेल, पण पूर्ण मेनिया कधीच झाला नसेल, तर बायपोलर दोन. दुसरा प्रकार ‘हलका’ असा समज आहे तो चुकीचा. त्यातली डिप्रेशनं लांबतात आणि संसार तिथेच मोडकळीला येतो.

तिसरी एक अवस्था असते, मिश्र. मन काळवंडलेलं आणि अंगात मात्र वारं भरलेलं. माणूस रडतोही आणि रात्रभर येरझाऱ्याही घालतो. आत्महत्येच्या दृष्टीने ही फार धोक्याची, कारण विचार काळे असतात आणि ते अमलात आणायला ताकदही असते.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी बायपोलर झालेल्यांचं प्रमाण 0.5 टक्के निघालं, म्हणजे 200 माणसांत एक. तुमच्या गल्लीत, तुमच्या मंडळात एखादं घर असणारच. आई किंवा वडिलांना असेल तर मुलाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा वाढते, तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. लग्नाच्या बोलणीत हे वाक्य उपयोगी पडेल.

निदान चुकतं ते बहुतेक एकाच वळणावर. माणूस डॉक्टरकडे जातो तो डिप्रेशनमध्ये. चढलेल्या दिवसांत त्याला काहीच झालेलं नसतं, उलट बाकी सगळे मंद वाटत असतात. म्हणून तपासताना ते दिवस कुणी सांगतच नाही. मग नुसत्या डिप्रेशनची गोळी सुरू होते आणि काही जणांत ती एकटी गोळी माणसाला उडवून थेट मेनियात नेते. तेव्हा पहिल्या भेटीत न विचारताही सांगा: याआधी कधी चार-आठ दिवस न झोपता जोरात होता का, उधळपट्टी केली होती का, सख्ख्या नात्यात कुणाला असं झालं होतं का.

जायच्या आधी एक कागद

डॉक्टरांना पहिल्या भेटीत मिळणाऱ्या वेळेत दहा वर्षांची कहाणी सांगून होत नाही. एका कागदाच्या मधोमध आडवी रेघ ओढा. रेघेच्या वर चढलेले काळ, खाली उतरलेले काळ, वर्ष आणि महिना घालून. महिना आठवत नसेल तर ‘गळीत हंगामात’, ‘गणपतीच्या आधी’, ‘धाकटीच्या बाळंतपणानंतर’ एवढंही पुरे. प्रत्येक काळाखाली दोन शब्द: काय केलं, किती दिवस टिकलं. ‘मे महिना, दोन मोबाईल आणि सेकंडहँड गाडी घेतली, 3 आठवडे’ हे डॉक्टरांना ‘फार बडबड करतो’ यापेक्षा दहापट उपयोगी.

सोबत न्यायचं ते असं. आधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (नाव आठवत नसलं तरी पाकीट बोलतं). बीपी, शुगर, थायरॉइडची कागदपत्रं. दमा किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉइड घेतलं असेल तर ते, कारण स्टिरॉइडनेही मेनिया होतो आणि थायरॉइड वाढल्यावरही चित्र तसंच दिसतं. दारू किती, गांजा आहे का, हे माणसासमोर सांगता येत नसेल तर चिठ्ठीवर लिहून आत द्या.

भाषेचं म्हणाल तर इकडे बेळगाव भागात घरात मराठी, केसपेपर इंग्रजीत, काउंटरवर कन्नड. मोठ्या हॉस्पिटलांत मराठी समजणारं कुणीतरी भेटतंच, पण धारवाडकडे जाताना तीन शब्द खिशात ठेवा: निद्दे म्हणजे झोप, सिट्टु म्हणजे राग, गुळिगे म्हणजे गोळी. मनातलं सांगताना मात्र आपल्या भाषेतच सांगा, आणि कन्नड नीट येणारा नातेवाईक सोबत असला तर त्याला शब्दाला शब्द सांगायला लावा. ‘त्यांना थोडं टेन्शन आहे’ असं गुळगुळीत करून सांगणारा दुभाषा निदान बिघडवतो.

कुठे जायचं

बेळगावात सिव्हिल, म्हणजे बिम्स, आणि केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल, दोन्हीकडे मनोविकार विभाग आहेत. कर्नाटकात मनोचैतन्य कार्यक्रमाखाली तालुक्याच्या सरकारी हॉस्पिटलांत मंगळवारी मानसिक आजारांची ओपीडी ठेवतात. खानापूर, चिकोडीकडच्यांनी आपल्या हॉस्पिटलात डॉक्टर कोणत्या मंगळवारी येतात ते आधी विचारून घ्यावं. भरती करण्याइतपत आजार असेल तर बेळगाव रोडवरचं धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल. 1845 पासूनची ही जागा. ‘याला धारवाडला न्यायला पाहिजे’ हा आपल्याकडे टोमणा झालाय, त्यामुळे खरोखर न्यायची वेळ येते तेव्हा घरचे दोन महिने उशीर करतात. निपाणीवाले कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला किंवा मिरजेला जातात, खानापूरकडचे बरेच जण गोव्याला बांबोळीला. काही बिघडत नाही. मात्र दर वेळी नवा डॉक्टर, नवी फाईल असं करू नका. पाच ठिकाणी दाखवलेला पेशंट बहुधा कुठेच नीट दाखवलेला नसतो.

घरातून निघणंच होत नसेल तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो आणि तो फुकट आहे. पेशंट बोलायला तयार नसला तरी घरच्यांनी फोन करून विचारायला हरकत नाही.

देवाचं काय? सौंदत्तीला, नरसोबाच्या वाडीला, गाणगापूरला जाणारी घरं जाणारच, आणि त्यात भांडण काढून उपयोग नाही. तीन गोष्टी पाळा: गोळीची वेळ चुकवायची नाही, रात्रभर जागवायचं नाही, कुणी साखळी लावायला सांगितलं तर तिथून उठायचं. साखळीला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 95 मध्ये सरळ बंदी आहे.

औषधं: लिथियमचं सविस्तर

लिथियम हा मिठाच्या जातीतला क्षार. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी मेनियावर त्याचा उपयोग दाखवला, आणि आजही परतणारा आजार रोखण्यात आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याच्या तोडीचं औषध शोधावं लागतं. स्वस्तही आहे. तरी लोक घाबरतात, कारण याची मात्रा अंदाजाने चालत नाही, रक्तात मोजावी लागते.

सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), कॅल्शियम, वजन. हृदयाचा त्रास असेल किंवा वय जास्त असेल तर ईसीजी. मूल होण्याच्या वयातल्या बाईची प्रेग्नन्सी टेस्ट. गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस बदलल्यावर 5 ते 7 दिवसांनी पहिली पातळी बघतात. आजार आटोक्यात ठेवण्यासाठी बहुतेकांना 0.6 ते 0.8 (mmol/L) पुरते, चढलेल्या मेनियात 0.8 ते 1.0 लागते. 1.5 च्या वर गेलं की विषबाधेची भाषा सुरू होते, आणि म्हाताऱ्या माणसांत त्याच्या खालीही होऊ शकते. पहिल्या वर्षी दर 3 महिन्यांनी पातळी, पुढे सगळं स्थिर असेल तर 6 महिन्यांनी. किडनी, थायरॉइड आणि कॅल्शियम दर 6 महिन्यांनी.

रक्त देण्याची पद्धत चुकली की आकडा खोटा येतो, आणि त्या खोट्या आकड्यावर डोस बदलला जातो. रात्री 9 ला गोळी घेतली असेल तर रक्त सकाळी 9 ला. शेवटच्या गोळीपासून 12 तास. सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यानंतर. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर पातळी उगाच वर दिसते. दुसरी चूक लॅबची: काही हिरव्या टोपणाच्या नळ्यांत लिथियम-हेपारिन असतं. त्या नळीत रक्त घेतलं तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं आणि आकडा भलताच येतो. सुई टोचायच्या आधी ‘लिथियमची टेस्ट आहे, हिरवी नळी नको’ असं सांगा. लॅबवाला चिडला तर चिडू दे.

आता कारण समजून घ्या, म्हणजे पथ्य पाठ करावं लागणार नाही. किडनीला मीठ आणि लिथियम यातला फरक नीट कळत नाही. अंगातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की किडनी मीठ धरून ठेवते, आणि त्यासोबत लिथियमही धरून ठेवते. पातळी चढते. म्हणून:

चैत्र-वैशाखात शेतात राबणाऱ्याने पाणी दिवसाला अडीच-तीन लिटर तरी प्यावं. जुलाब-उलट्या लागल्या तर ओआरएस सुरू करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून पुढची गोळी घ्यायची का ते विचारा. निर्जळी एकादशी, रमजानचे रोजे, आषाढीची पायी वारी, यातलं काही करायचं असेल तर महिनाभर आधी सांगा. काहींना डोस आणि वेळ बदलून जमतं, काहींना नाही. बीपीसाठी कुणी मीठ तोडायला सांगितलं तर लिथियम चालू आहे हे सांगितल्याशिवाय तोडू नका. लोणचं-पापड जेवढं रोज खाता तेवढंच खात राहा. एकदम बंदही नको, एकदम जास्तही नको.

गोळ्यांपैकी सगळ्यात जास्त गोंधळ अंगदुखीच्या गोळीने होतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक यांनी लिथियम चढतं. मेडिकलमध्ये कंबर धरून गेलात की जी पांढरी गोळी मिळते ती बहुतेक यांपैकी एक घातलेली असते, आणि दवाखान्यात कंबरेत देतात ते इंजेक्शनही बऱ्याचदा डायक्लोफेनॅकचंच. नुसती पॅरासिटामॉल चालते. बीपीच्या गोळ्यांपैकी टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांनीही पातळी वाढते. त्या चालू असतील तर मनोविकाराच्या डॉक्टरांना दाखवाच.

हाताला बारीक थरथर, जास्त तहान, जास्त लघवी, थोडं वजन वाढणं, हे नेहमीचं. चहाची बशी खडखडली म्हणून घाबरू नका. पण थरथर मोठी होऊन पाण्याचा तांब्या सांडायला लागला, जीभ जड झाली, चाल दारू प्यायल्यासारखी झाली, जुलाब-उलट्या आणि गुंगी आली, तर पुढची गोळी थांबवा आणि तडक हॉस्पिटल गाठा. ‘उद्या सकाळी बघू’ हे इथे चालत नाही. जाताना गोळीचं पाकीट सोबत न्या आणि दारातच ‘लिथियम चालू आहे’ म्हणून सांगा, नाहीतर सगळे पोटाच्या मागे लागतात.

बाकीची औषधं

चढलेल्या माणसाला लिथियम लागू पडायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर ओलांझापिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडॉन यातलं काहीतरी सोबत देतात. झोप येते, चढ उतरतो. किंमत वजनाने मोजावी लागते, विशेषतः ओलांझापिनची. पहिल्या दिवशीच वजन, कंबरेचा घेर, शुगर, कोलेस्टेरॉल लिहून ठेवा, पहिले दीड महिने दर आठवड्याला वजन करा, 3 महिन्यांनी रक्त परत तपासा. 4 किलो वाढल्यावर सांगितलं तर उपाय असतो, 20 किलो वाढल्यावर सांगितलं तर पेशंटने तोवर गोळी फेकून दिलेली असते. कुंदा आणि मांडे सणाला असू द्या. रोजच्या चहातली साखर आधी काढा.

निपाणीकडच्या तंबाखू-विडीच्या भागातल्यांसाठी एक खास गोष्ट. विडी-सिगारेटच्या धुराने लिव्हर ओलांझापिन लवकर संपवतं. हे काम धुराचं आहे, तंबाखूचं नाही. मळलेल्या तंबाखूने तसं होत नाही. त्यामुळे दिवसाला बंडल ओढणारा माणूस हॉस्पिटलात भरती झाला आणि विडी बंद झाली की त्याच डोसवर गुंगी वाढते, आणि घरी येऊन परत ओढायला लागला की औषध अपुरं पडतं. विडी सोडणार असाल तर उत्तम, फक्त आधी कळवा.

व्हॅल्प्रोएट मेनियात चांगलं काम करतं. लिव्हर आणि प्लेटलेट आधी आणि नंतर अधूनमधून तपासतात. पण मूल होण्याच्या वयातल्या मुलींना आणि बायकांना ते शक्यतो देऊच नये: गरोदरपणात घेतलं तर सुमारे दहातल्या एका बाळात मोठं व्यंग राहतं, मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो तो वेगळाच. घरातल्या पंचविशीतल्या मुलीच्या चिठ्ठीवर हे नाव दिसलं तर डॉक्टरांना विचारायला लाजू नका, आणि न विचारता बंदही करू नका.

लॅमोट्रिजिन हे खालच्या टोकाचं, म्हणजे परतणाऱ्या डिप्रेशनचं औषध. फार हळू चढवावं लागतं: 25 मिलिग्रॅम 2 आठवडे, 50 मिलिग्रॅम 2 आठवडे, मग 100, आणि पुढे गरजेप्रमाणे 200. व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर याच्या निम्म्याने. घाई केली तर अंगावर पुरळ उठतं आणि क्वचित ते जिवावर बेततं. पहिल्या दोन महिन्यांत पुरळ आलं, सोबत ताप किंवा तोंडात-डोळ्यांत फोड आले, तर गोळी बंद आणि त्याच दिवशी हॉस्पिटल. पाचेक दिवस गोळी चुकली तर परत थेट 200 घेऊ नका. डॉक्टरांना विचारा, बहुधा पुन्हा 25 पासून चढवावं लागतं.

विजेच्या शॉकने करतात त्या उपचाराची भीती जुन्या गोष्टींतून आलीय. आता भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो देणं कायद्याने बंद आहे. अन्नपाणी सोडलेल्या किंवा स्वतःच्या जिवावर उठलेल्या पेशंटच्या बाबतीत गोळ्या लागू पडायची वाट बघत बसता येत नाही, तिथे तो वाचवतो.

गोळी चुकली, गोळी सोडली

एखादी चुकली तर दोन-चार तासांत आठवल्यावर घ्या. दुसऱ्या गोळीची वेळ आली असेल तर सोडून द्या. दोन गोळ्या एकदम कधीच नाही.

खरं संकट चुकण्याने येत नाही, बरं वाटण्याने येतं. सहा महिने छान गेले, आता कशाला? आणि काही जणांना तो चढ मनातून हवाही असतो, हे घरच्यांनी समजून घ्यायला हवं. त्या दिवसांत माणूस जगातला राजा असतो. लिथियम एकदम तोडलं तर नुसता जुना आजार परतत नाही, मेनिया जास्त लवकर आणि जास्त जोरात येतो. बंद करायचंच ठरलं तर किमान 4 आठवडे, शक्य तर 3 महिने घेऊन हळूहळू उतरवतात. पहिल्या झटक्यानंतर औषध किती वर्षं घ्यायचं हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, पण झटके परत परत येत असतील तर शुगर-बीपीसारखं कायमचं धरून चाला. जनऔषधी केंद्रात यातली बरीच औषधं स्वस्तात मिळतात. लिथियमचा साठा मात्र एकदम चार-पाच महिन्यांचा घरात ठेवू नका, जास्त गोळ्या घेतल्या तर ते जीव घेतं. गोळ्यांची किल्ली दुसऱ्या कुणाकडे असलेली बरी.

चढलेला आठवडा

वाद घालू नका. ‘तू आजारी आहेस’ हे वाक्य या आठवड्यात कुणाच्याही कानात शिरत नाही. ‘दोन रात्री झोपला नाहीस, डोकं जड होईल, झोपेची गोळी आणूया’ हे शिरतं. आवाज कमी, खोलीतले लोक कमी, मोबाईल आणि टीव्ही कमी, चहा बंद. संध्याकाळी सहानंतर दिवे मंद.

पैशाचं आधीच, बरा असताना ठरवून ठेवा. फोनवरच्या पैसे पाठवण्याच्या ॲपची रोजची मर्यादा कमी करून ठेवा, उसाचं बिल जमा होणाऱ्या खात्याला मोबाईल जोडू नका, जमिनीचे कागद भावाकडे ठेवा. हे सगळं त्याच्याच संमतीने, त्याच्याच सहीने. बरा असताना माणूस हे समजूतदारपणे मान्य करतो. चढल्यावर केलंत तर तो आयुष्यभर वैर धरतो. बाईकची चावी मात्र वेळ पडली तर न विचारता उचला.

2017 चा कायदा इथे उपयोगी पडतो. बरा असताना साध्या कागदावर ‘माझ्या उपचाराच्या बाबतीत ही व्यक्ती माझी प्रतिनिधी’ असं लिहून सही किंवा अंगठा देता येतो. नवरा-बायकोतच हवं असं नाही, बहीण चालते, मित्र चालतो. पेशंट स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तेव्हा या प्रतिनिधीच्या अर्जावर आणि डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर कलम 89 प्रमाणे 30 दिवसांपर्यंत भरती होते. हाणामारीची वेळ आली तर 112, ॲम्ब्युलन्ससाठी 108. पोलिसांना फोन करताना ‘गुन्हेगार’ नाही, ‘मानसिक पेशंट’ म्हणून सांगा. अशा माणसाला सरकारी दवाखान्यात पोचवण्याची जबाबदारी याच कायद्याने त्यांच्यावर टाकली आहे.

उतरलेले दिवस

इथे घरचे निर्धास्त होतात, कारण माणूस शांत असतो. धोका मात्र इथे जास्त. मरणाचं बोलला तर उघड विचारा: ‘जीव द्यावासा वाटतोय का? कसं करायचं ठरवलंयस का?’ विचारल्याने डोक्यात कल्पना शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ठरवलंय म्हणाला तर एकट्याला सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर. शेतकरी घरात पहिलं काम म्हणजे फवारणीची औषधं माळ्यावरून काढून शेजाऱ्याच्या कुलपात ठेवणं. त्याने जिवावर उदार होऊन काही केलंच असेल तर पोलीस केसच्या भीतीने हॉस्पिटल टाळू नका. कलम 115 प्रमाणे अशा माणसावर गंभीर ताण होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर येते.

बाळंतपण

बायपोलर असलेल्या सुनेचं, मुलीचं बाळंतपण हा वेगळा अध्याय आहे. बायपोलर एक असेल तर सुमारे पाचांतल्या एका बाळंतपणानंतर मोठा झटका येतो, आणि तो बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत, अचानक. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला. दिवस गेले म्हणून घाबरून स्वतःच गोळ्या बंद करू नका. बाळंतिणीला रात्री सलग पाच तास तरी झोप मिळेल अशी पाळी आई, सासू आणि नवऱ्यात आधीच लावा. रात्रीचं एक दूध वाटी-चमच्याने दिलं तर आकाश कोसळत नाही. बाळंतीण झोपतच नाही, भलतंसलतं बोलते, बाळाबद्दल विचित्र संशय घेते, हे ‘वारं लागलं’ म्हणून अंगारा लावून थांबण्याचं काम नाही. त्याच रात्री हॉस्पिटल.

सण, शिफ्ट आणि चौकटी

आजार परतायला कारण लागतंच असं नाही, पण एक कारण घड्याळात बघता येतं: जागरण. उद्यमबागच्या फाउंड्रीत किंवा साखर कारखान्यात शिफ्ट फिरती असेल तर मेडिकल सर्टिफिकेट देऊन कायम दिवसपाळी मागा. यात्रेची रात्र, शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र, चोवीस तासांवर चालणारी गणपती विसर्जनाची मिरवणूक, यावर बंदी घालायची गरज नाही. अकरापर्यंत जा, गोळी खिशात न्या, घरी येऊन झोपा, सकाळी आरतीला परत या. लागोपाठ दोन रात्री जागणं मात्र नाही, मंडळाचा अध्यक्ष असला तरी नाही.

प्रत्येकाच्या चढण्याची सुरुवात वेगळी आणि दर वेळी साधारण तीच असते. कुणी जुन्या मित्रांना पहाटे मेसेज पाठवायला लागतो, कुणी भडक साडी काढते, कुणाला एकदम धंद्याच्या कल्पना सुचतात. बरा असताना पेशंटबरोबर बसून त्याच्या तीन खुणा ठरवा आणि कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहा. त्याखाली डॉक्टरांचा नंबर, प्रतिनिधीचा नंबर, 14416, चालू गोळ्यांची नावं आणि डोस. पुढच्या पातळीची तारीख आताच चौकटीत लाल पेनाने लिहा, आणि आदल्या दिवशीच्या चौकटीत: रात्री 9 ला गोळी, सकाळी रक्त दिल्याशिवाय गोळी नाही.